डॉक्टरकाकांचा सेंटर-फॉरवर्ड

मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या त्या घरातली वरची खोली मला मिळाली, ती मला फुटबॉलमधलं काहीही कळत नव्हतं म्हणून.

नागपूरहून अमेरिकेत येऊन मला सात महिने झाले होते. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी प्रोग्रॅमर होते. रूममेटचं लग्न ठरलं आणि मला नवी जागा शोधणं भाग पडलं. महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी सांगितलं, की एका निवृत्त डॉक्टरांच्या घरी खोली आहे, माणसं सज्जन आहेत, काकू तर सोन्यासारख्या आहेत. काकांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "बघशीलच तू."

दार काकूंनी उघडलं. काका आतल्या खुर्चीत बसले होते. घरात हीटर चालू होता, तरी गळ्यात विटकरी रंगाचा लोकरीचा मफलर होता. त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, मी स्वयंपाकघर वापरणार का तेही विचारलं नाही.

"फुटबॉल कळतं का?" ते म्हणाले.

"नाही काका."

"त्याला सॉकर म्हणतेस का?"

"मी त्याला काहीच म्हणत नाही."

"उत्तम." मग ते काकूंकडे वळले. "पाटी कोरी आहे. हिला देऊ या खोली."

काकूंनी तेव्हा माझ्याकडे एक नजर टाकली. तिचा अर्थ मला पहिल्या आठवड्यातच कळला. त्या माझी माफी मागत होत्या.

काका हाडांचे डॉक्टर. साठच्या दशकात शिकायला ग्लासगोला गेले, तिथून डेट्रॉइटला आले आणि तीस वर्षं लोकांचे गुडघे, खुबे आणि खांदे दुरुस्त करून निवृत्त झाले. मुलगा टेक्सासात फ्रिस्कोला. या सगळ्या आयुष्याबद्दल ते चार वाक्यांच्या वर कधी बोलले नाहीत. ते बोलत ते एका माणसाबद्दल, जो पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे स्कॉटलंडमध्ये फुटबॉल खेळायचा आणि खोऱ्याने गोल करायचा. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर कुठून तरी कुणीतरी मला पत्र पाठवेल, की अमुक मोसमातला तमुक गोल तुम्ही धरलात का. तसल्या पत्रांत मी आयुष्याची दोन वर्षं घालवली आहेत. काका त्याला 'आमचा सेंटर-फॉरवर्ड' म्हणत. काकू त्याला 'माझी सवत' म्हणत.

त्याचं चरित्र मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की माझ्या आजोबांचं मला तेवढं येत नाही. खाणकामगाराचा मुलगा. शाळा सोडून तेराव्या वर्षी स्वतः खाणीत उतरला. अंगाने आडवा, उंचीने कमी, डावा पाय सरस. त्या काळचा चेंडू कातड्याचा, पावसात भिजला की दगडासारखा जड व्हायचा. वरून त्याची वादी कपाळाला लागली तर रक्त निघायचं. तरी हा डोक्याने गोल करायचा. शनिवारी दुपारपर्यंत खाणीत काम, मग अंगावरची काजळी धुवून मैदानावर, आणि तिथे दोन-तीन गोल. मग युद्ध आलं आणि ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली. परत आला तोवर डावा गुडघा गेलेला, पण गोल चालूच. एका मोसमात त्याने एवढे गोल केले, की क्लबने त्याला एक घड्याळ दिलं, आणि दोन मोसमांनी एक पत्र दिलं, की आता तुमची गरज नाही. मग तो अमेरिकेला आला, कारखान्यात काम आणि कारखान्याच्या संघातून फुटबॉल. काही वर्षांनी परत गेला. पुढे त्याचं कुणी नाव घेतलं नाही.

ही गोष्ट एकदा ऐकली तर चांगली आहे. दुसऱ्यांदाही. पण काका ती भाजी वाढून घेताना सांगत, गाडीत सांगत, दारात बर्फ साफ करायला आलेल्या माणसाला अडवून सांगत. मी ऑफिसातून थकून आले की जिन्यापाशी गाठायचे. "वी कप चहा घेतेस का?" स्कॉटलंडमधून त्यांनी दोन शब्द आणले होते, 'वी' म्हणजे छोटासा आणि 'आय' म्हणजे होय. कप छोटासा असायचा, गोष्ट नाही. टेबलावर मिठाची बाटली म्हणजे गोलकीपर, लोणच्याची बरणी म्हणजे डावा बॅक, आणि आमचा सेंटर-फॉरवर्ड म्हणून नेहमी माझा चमचा. जेवण संपेपर्यंत चमचा मला परत मिळत नसे. मी हाताने जेवायला शिकवलेली मुलगी आहे, पण वरणभात कालवताना समोरचा माणूस तुमच्या चमच्याने बरणीला हुलकावणी देत असेल तर घास उतरत नाही.

मंडळाने एकदा त्यांना गुढीपाडव्याला भाषणाला बोलावलं. विषय दिला होता, 'गुडघेदुखी आणि उतारवय'. लोकांचे आईवडील तेव्हा भारतातून आलेले होते. दोन-तीन आजी तर एक्स-रेची पाकिटं घेऊन पुढच्या रांगेत बसल्या. काका उभे राहिले आणि म्हणाले, "गुडघा म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर एका गुडघ्याची गोष्ट सांगतो." मी आणि काकूंनी एकमेकींकडे पाहिलं. काकूंनी हळूच पर्स उघडून त्यातलं विणकाम बाहेर काढलं. पाऊण तास झाला तरी सेंटर-फॉरवर्ड अजून युद्धावरून परतला नव्हता. शेवटी अध्यक्षांनी बटाटेवडे आतून बाहेर आणायला लावले, आणि वासानेच सभा उठली. काका अजिबात खट्टू झाले नाहीत. घरी येताना म्हणाले, "पुढच्या वर्षी उरलेला भाग सांगेन."

या सगळ्यामागे एक वाद होता. स्कॉटलंडमधल्या एका लहान गावात एक निवृत्त शाळामास्तर होते, ते त्या जुन्या क्लबच्या नोंदी ठेवायचे. काकांच्या मते मास्तरांच्या यादीत सेंटर-फॉरवर्डचे तीन गोल कमी होते. ते तीन गोल त्याने अमेरिकेत, मिशिगनमध्येच, एका कारखान्याच्या सामन्यात केले होते असं काका म्हणत. मास्तर उलट लिहीत, की असले गोल धरता येत नाहीत. कारण विचारलं तर लिहीत, की पुरावा तुम्ही दाखवा. नऊ वर्षं ही पत्रापत्री चालली होती. काकांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडले होते, त्यांना कडेचं दिसायचं पण समोरचं दिसत नसे. म्हणून मास्तरांची पत्रं मी वाचून दाखवायची आणि उत्तरं मी टाइप करायची. "डियर सर," ते सांगत, "तुमच्या हटवादीपणाचं मला कौतुक वाटतं." ते वाक्य मी चार वेगवेगळ्या पत्रांत टाइप केलं आहे.

मी एकदा विचारलं, "काका, तीनच गोल ना? एवढ्यांतून तीन कमी धरले तर काय होतं?"

"एवढ्या हाडांतून एक कमी असेल तर?" ते म्हणाले. मला ते तेव्हा नाटकी वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात माझी नोकरी गेली. मंदी होती, आमच्या मजल्यावरच्या निम्म्या खुर्च्या एका शुक्रवारी रिकाम्या झाल्या. एच-वन व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी जाते तेव्हा फक्त पगार जात नाही, पायाखालची जमीनच जाते. लवकर दुसरी कंपनी मिळाली नाही तर नागपूरचं तिकीट काढायचं. घरी मी सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांनी ओहायोतल्या एका गावातून इंटरव्ह्यूला बोलावणं आलं. ट्रॉयपासून दीड-दोन तासांवर, सकाळी अकराला.

आदल्या दिवशी जेवताना काका म्हणाले, "त्या गावातल्या लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं आहेत. मला दारात सोड आणि तू जा. येताना घे."

काकू म्हणाल्या, "अहो, तिच्या डोक्याला काय कमी ताप आहे का?"

"मी कुठे ताप देतोय? मी मागे बसेन."

ते पुढेच बसले. सव्वादहाला आम्ही लायब्ररीच्या दारात होतो. मी त्यांना सोडून निघणार, तेवढ्यात ते परत बाहेर आले. जुन्या अंकांच्या मायक्रोफिल्मचं रीळ घ्यायला ड्रायव्हिंग लायसन्स जमा करावं लागतं म्हणे, आणि डोळ्यांमुळे त्यांनी आपलं लायसन्स केव्हाच परत केलं होतं. "पाच मिनिटं," ते म्हणाले. "तुझं दाखव, रीळ घे, मशीनला लाव, मग लायसन्स घेऊन जा."

मी मूर्ख, मी आत गेले. काउंटरवरच्या बाईंनी माझं लायसन्स घेतलं, खणात ठेवलं, मला रीळ दिलं. मी ते मशीनला लावून परत आले तर काउंटरवर कुणी नव्हतं. कर्मचाऱ्यांची मीटिंग साडेदहाला सुरू झाली होती आणि खणाची किल्ली त्या बाईंबरोबर आत गेली होती. व्हिसावरची मुलगी लायसन्सशिवाय परराज्यात गाडी चालवत नाही. शिवाय त्या कंपनीच्या गेटवर ओळखपत्र दाखवावं लागणार होतं. मी बंद दारापाशी उभी राहिले. आतून हसण्याचा आवाज येत होता, कुणाचा तरी वाढदिवस असावा. मागे काका मशीनच्या काचेला एका बाजूने नाक लावून बसले होते आणि मला हाक मारून विचारत होते, की हा आकडा तीन आहे का आठ.

मी पावणेबाराला कंपनीत पोचले. ज्यांनी बोलावलं होतं ते गृहस्थ दुसऱ्या मीटिंगला गेले होते. रिसेप्शनवरची मुलगी फार सौजन्याने बोलली. त्या सौजन्यावरूनच कळलं, की संपलं.

लायब्ररीतून काकांना घेतलं. त्यांना काहीही सापडलं नव्हतं. गाडीत बसताना त्यांनी विचारलं, "कसा झाला?"

"झाला नाही."

"म्हणजे?"

"मला उशीर झाला म्हणून झाला नाही."

ते म्हणाले, "एकदा त्याचीही गाडी चुकली होती. हाफ-टाइमला पोचला. तरी दोन केले."

मोठ्या माणसांवर मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "तो माणूस मेलाय काका. केव्हाच मेलाय. त्याला आता उशीर होत नाही आणि त्याचा व्हिसा जात नाही. मी जिवंत आहे, मला नोकरी पाहिजे. तुम्हाला एवढंसुद्धा दिसत नाही का?" दिसत नाही का, हे त्या माणसाला विचारल्याचं मला दुसऱ्याच क्षणी लागलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. चाळीस मैलांनंतर काका म्हणाले, "पुढे रस्त्याचं काम आहे, डावीकडे राहा." माफी नाही, काही नाही.

मी त्यांच्याबरोबर जेवणं सोडलं. काकू ताट वर आणून द्यायच्या आणि पायरीवर बसून राहायच्या. एक दिवस म्हणाल्या, "हे सकाळपासून फोन करतायत गं. जुन्या पेशंटांना. यादी मी वाचून दाखवते, हे फोन करतात."

"कशासाठी?"

"तुझ्यासाठी. मला सांगितलं की तिला सांगू नकोस. म्हणून मी सांगते आहे."

तीस वर्षांत डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांमधले किती गुडघे त्यांच्या हाताखालून गेले होते कोण जाणे. दहाव्या दिवशी मला एका इंजिनिअरच्या ऑफिसातून बोलावणं आलं. इंटरव्ह्यू नीट झाला, त्याने मला खरोखर कामाचे प्रश्न विचारले. शेवटी उठताना म्हणाला, "तुमच्या डॉक्टरांनी माझं ऑपरेशन केलं तेव्हा टेबलावर मला एका स्कॉटिश फुटबॉलपटूची गोष्ट सांगत होते. मी भूल देणाऱ्या बाईंना म्हटलं, जरा लवकर दिलीत तर बरं." दोन आठवड्यांत कागद झाले. माझा व्हिसा एका अनोळखी माणसाच्या गुडघ्यावर वाचला.

मी खाली जेवायला गेले. काकांनी काही विचारलं नाही. मी पानावर बसले, तेव्हा त्यांनी माझा चमचा उचलला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाने पहिल्यांदा इशारा दिला. आठ दिवस हॉस्पिटलात होते. घरी आल्यावर चार पायऱ्या चढल्या की थांबायचे, पण मिशिगनमधल्या लायब्रऱ्यांची यादी उशीखाली होती. सरोवराकाठच्या एका गावातली वर्तमानपत्रं तेवढी राहिली होती, ती मिळाली नाहीत तर पुढे इंडियाना. निघायच्या दिवशी काकूंनी मला दारातच गाठलं. "आज काहीतरी सापडू दे बाई. नाही सापडलं तर हे इंडियानाला जातील, आणि आता यांना झेपत नाही." त्यांनी माझ्या हातात काकांच्या गोळ्यांची डबी आणि वेलदोड्याच्या चहाचा थर्मास दिला.

तिथली लायब्ररी लहान होती. दुपारी बाराच्या सुमाराला, चौथ्या रिळात, मला तो सामना सापडला.

मी मोठ्याने वाचायला लागले. मैदान ओलं. कारखान्याचा भोंगा वाजल्यावर कामगार थेट आले. आपल्या माणसाचं नाव पहिल्याच ओळीत होतं. पहिला गोल डाव्या पायाने. दुसरा डोक्याने. तिसरा मधल्या सुट्टीनंतर, दोन जणांना चुकवून. काका खुर्चीत ताठ झाले. मफलराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं.

पुढचा परिच्छेद मी आधी मनात वाचला. सरोवरावरून धुकं आलं. एका गोलपोस्टवरून दुसरा दिसेनासा झाला. अर्ध्या तासाचा खेळ बाकी असताना रेफरीने सामना थांबवला. सामना रद्द, पुन्हा खेळवला जाईल, आजचे गोल धरले जाणार नाहीत.

मी थांबले.

"आणि पुढे?" काका म्हणाले.

पुढे काय होतं ते मला माहीत होतं. नऊ वर्षांची पत्रं, उशीखालची यादी, इंडियाना. एका वाक्याने ते सगळं संपणार होतं. कुणाचं काय बिघडणार होतं?

"पुढे काही नाही," मी म्हटलं. "प्रेक्षकांत कोण कोण मोठी माणसं होती, त्यांची नावं आहेत."

"आय," ते म्हणाले. क्षणभराने म्हणाले, "दुखतं कुठे, हे मी चाळीस वर्षं लोकांना विचारलं. दुखत असून नाही म्हणणारा माणूस आधी खांदे वर घेतो. मला तुझा चेहरा दिसत नाही. खांदे दिसतात. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. धुकं, रेफरी, सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत.

मी गोळ्यांची डबी काढली. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"म्हणजे केले होते," ते म्हणाले.

"केले होते, पण धरलेले नाहीत, काका."

"ते कळलं मला. पण केले होते ना? तिन्ही त्यानेच?"

"हो."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. ग्लासगोच्या वॉर्डात ते शिकाऊ डॉक्टर असताना खुबा मोडलेला एक म्हातारा आला. तिरसट होता. काळ्या डॉक्टरने हात लावायचा नाही असं त्याने पहिल्या दिवशी सांगितलं. ऑपरेशन झालं, आणि त्याला भेटायला कुणीच येईना, तेव्हा तो काकांशी बोलायला लागला. मी एवढे गोल केले, मी तेवढे गोल केले. शेवटी एका संध्याकाळी काकांचा हात धरून म्हणाला, अमेरिकेतले तीन राहिले, ते कुणी लिहिलेच नाहीत, तू लिही. काकांना अजून बारा पेशंट पाहायचे होते. म्हातारी माणसं अशा ऑपरेशननंतर कधीकधी भ्रमिष्टासारखं बोलतात. "मी म्हटलं, बरं आजोबा, झोपा आता. आणि केसपेपरवर लिहिलं, रुग्णाला भ्रम झाला आहे, असंबद्ध बोलतो. त्याने ते पाहिलं. वाचता येत होतं त्याला. त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी गेला. मग पेपरात चार ओळी आल्या, तेव्हा कळलं तो कोण होता."

समोर मशीनचा पंखा घरघरत होता.

"बाकीचे सगळे गोल पुस्तकांत सापडले," काका म्हणाले. "हे तीन तेवढे सापडेनात. मला वाटायचं, हे तीन नसतीलच तर? तर मी लिहिलं होतं ते बरोबर ठरतं." त्यांनी खिशातून गोलांच्या हिशेबाची वही काढून माझ्यापुढे ठेवली. "तीन वजा कर. आणि या पानाच्या दोन प्रती घे."

एक प्रत मास्तरांना. दुसरी त्या हॉस्पिटलला. परत येताना अख्खा रस्ता ते मला मजकूर सांगत होते, आणि मी गाडी चालवते आहे, लिहून घेत नाही, हे मी चार वेळा सांगितलं. मजकूर असा, की एका मेलेल्या रुग्णाच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या केसपेपरवर मी चुकीची नोंद केली होती, ती दुरुस्त करावी, सोबत पुरावा जोडला आहे. हॉस्पिटलने सभ्यपणे कळवलं, की एवढे जुने कागद केव्हाच नष्ट केले आहेत. काका म्हणाले, "मग आमची दुरुस्ती आमच्या फायलीत लाव." ती मी लावली.

मास्तरांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. नेहमीप्रमाणे मी वाचून दाखवलं. पत्र छोटं होतं. सामना धुक्यामुळे रद्द झाला हे मला ठाऊक होतं, असं त्यांनी लिहिलं होतं. खेळाडूच्या पुतणीकडे एक चिकटवही आहे, त्यात हेच कात्रण आहे, ते मी सात वर्षांपूर्वी पाहिलं. तुम्हाला पाठवलं असतं तर वाद मिटला असता. माझी पत्नी गेल्यापासून माझ्याकडे फारशी पत्रं येत नाहीत.

काकूंनी विणकाम खाली ठेवलं. मला वाटलं, आता काका विरघळतील.

काका रागाने लाल झाले. "सात वर्षं? नालायक माणूस आहे. नोंदी ठेवणारा माणूस पुरावा दडवतो? पत्रं हवीत म्हणून?" त्यांना बसवेना. "टाइप कर. डियर सर."

"काका, ते एकटे आहेत."

"मग तसं लिहायचं. त्यासाठी तीन गोल कशाला अडकवायचे? टाइप कर."

ते पत्र सहा पानी झालं. मास्तरांनी आठ पानी उत्तर पाठवलं, आणि त्यात एका वेगळ्याच मोसमाचा वाद उकरून काढला. काकूंनी कपाळाला हात लावला. इंडियाना मात्र टळलं.

पुढच्या वर्षी मला सांता क्लाराला चांगली नोकरी मिळाली आणि मी ते घर सोडलं. टायपिंगला मंडळातली दुसरी एक मुलगी मिळाली होती. तिने महिन्याभरात मला फोन करून विचारलं, "हे असंच चालतं का?" मी हो म्हटलं. काकांशी माझं फोनवर बोलणं व्हायचं, म्हणजे ते बोलायचे. मी कशी आहे, कॅलिफोर्निया कसं आहे, हे सगळं काकू नंतर विचारायच्या. काका दोन हजार आठच्या वसंतात गेले. आजारपण फार नव्हतं. काकूंनी सगळ्या फायली मास्तरांना पाठवून दिल्या.

त्याआधी दोन वर्षं माझं लग्न झालं, सांता क्लारातच. डॉक्टरांनी प्रवास करू नये म्हणून सांगितलं असताना काका काकूंना घेऊन विमानाने आले. रिसेप्शनला त्याच मफलरात. माझे सासू-सासरे पहिल्यांदाच पुण्याहून आलेले, जरा कडक, सगळं बारकाईने पाहणारे. मी ओळख करून दिली. सासूबाईंनी अदबीने विचारलं, "आमची सून तुमच्याकडे राहायची ना? कशी वाटली तुम्हाला?"

मी मनात म्हटलं, आता सेंटर-फॉरवर्ड. काकूंनीही डोळे मिटून घेतले.

काकांनी मान जरा वळवली, म्हणजे मी त्यांना कडेने दिसेन अशी. "खोटं बोलली माझ्याशी," ते खणखणीत आवाजात म्हणाले. दोन टेबलं गप्प झाली. "एकदाच. पण पुन्हा वाच म्हटल्यावर खरं वाचलं. सबंध वाचलं. माझ्या ओळखीत असं दुसरं कुणी नाही."

एवढं बोलून ते जेवायला गेले. कसलं खोटं, काय वाचलं, हे सासूबाई मला त्या संध्याकाळी विचारत राहिल्या, आणि अजूनही, काही ना काही निमित्ताने, विचारतात.